लंडनमध्ये चाटचे पार्सल घेताना

गाडीवरचा पदार्थ हा मुळात वेळेशी बांधलेला असतो. पाणीपुरीवाला पुरीला अंगठ्याने भोक पाडतो, तीत रगडा भरतो, ती पाण्यात बुडवून द्रोणात ठेवतो आणि गिऱ्हाईक ती लगेच तोंडात टाकते, म्हणजे पदार्थ तयार होणे आणि खाल्ला जाणे यांत जवळजवळ अंतरच उरत नाही. हाच पदार्थ लंडनमधल्या एखाद्या छोट्या उपाहारगृहातून पार्सल म्हणून घरी नेला, की ते अंतर अर्ध्या-पाऊण तासाचे होते आणि करणारा व खाणारा यांच्यातले ‘तिखट कमी’, ‘कांदा नको’ हे बोलणेही तुटते. पार्सलच्या बाबतीत बिघडते ते बहुधा या दोन कारणांनी, आणि ज्यांना हे खाणे नवे आहे अशा पाहुण्यांसाठी ते मागवले असेल तर बिघाडाचे परिणाम चवीपुरते राहत नाहीत.

लंडनमध्ये युस्टन स्थानकाजवळच्या ड्रमंड स्ट्रीटवर भेळपुरीची शाकाहारी उपाहारगृहे 1970च्या दशकापासून आहेत. वेम्ब्लीचा ईलिंग रोड आणि लेस्टरचा बेलग्रेव्ह रोड येथे गुजराती वस्तीबरोबर ही खाद्यपरंपरा रुजली. 1972 साली इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना हद्दपार केल्यावर जी कुटुंबे ब्रिटनमध्ये आली, त्यांच्यामुळे येथील पदार्थांच्या यादीत वडापाव आणि पापडी चाटच्या शेजारी ‘मोगो’ दिसतो. मोगो म्हणजे तळलेला कसावा, अर्थात ज्या कंदाच्या पिठीपासून आपला साबुदाणा होतो तोच कंद. उपवासाच्या खिचडीवर वाढलेल्या मराठी माणसाने तो अवश्य चाखावा.

आता ‘शाकाहारी’ या पाटीविषयी. भारतात पाकिटावरचा हिरवा ठिपका अंड्याला वगळतो, ब्रिटनमध्ये मात्र शाकाहारात अंडे सर्रास धरले जाते, आणि हा फरक वडापावात नेमका पावापाशी येऊन ठेपतो. मुंबईचा लादीपाव मिळाला नाही तर अनेक ठिकाणी त्याऐवजी ब्रिऑश हा लोणी व अंडी घातलेला गोडसर फ्रेंच पाव वापरला जातो. वडा पूर्ण शाकाहारी असूनही अंडे न खाणाऱ्याला तो वडापाव चालत नाही. जेथे शाकाहारी व मांसाहारी दोन्ही पदार्थ विकले जातात, तेथे तळणीचे तेल एकच आहे का, हा प्रश्न विचारण्यात संकोच करू नये. वीगन पाहुणा असेल, म्हणजे दूध-तूपही वर्ज्य करणारा, तर पावभाजीतले लोणी आणि दहीपुरीतले दही डोळ्यांना दिसते, पण तव्यावर पाव भाजताना लावलेले लोणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

सर्वांत जास्त काळजी घ्यावी लागते ती हिंगाची. बाजारात मिळणारा हिंग बहुधा बांधानी असतो. मूळ हिंग, म्हणजे फेरुला जातीच्या झाडाच्या मुळातून निघणारा चीक, इतका उग्र असतो की तो डिंक आणि पीठ यांत मिसळून विकला जातो, आणि हे पीठ पुष्कळदा गव्हाचे असते. प्रस्तुत लेखिकेच्या घरी आलेल्या एका पाहुणीला सीलिॲक हा विकार होता, म्हणजे गव्हातील ग्लूटेन या प्रथिनामुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. तिच्यासाठी ढोकळा निवडताना काउंटरवरच्या मुलाने ‘फक्त बेसन आहे, गहू नाही’ असे मनापासून सांगितले, आणि त्याच्या माहितीप्रमाणे ते खरेही होते. रात्री तिला त्रास झाला. दुसऱ्या दिवशी त्या उपाहारगृहात मागितल्यावर हिंगाची डबी पुढे आली, तिच्यावरच्या बारीक अक्षरांत गव्हाचे पीठ लिहिलेले होते, आणि ढोकळ्यावर ओतलेल्या फोडणीत तोच हिंग होता. ग्लूटेनमुक्त म्हणवण्यासाठी कायद्याने एका किलोत 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. फोडणीतला चिमूटभर हिंग किंवा समोशाच्या मैद्याचे कण मिसळलेले तळणीचे तेल, यांपैकी कोणतीही गोष्ट अशा रुग्णासाठी क्षुल्लक ठरत नाही. म्हणून ‘यात गहू आहे का’ एवढे विचारून थांबू नये. हिंग कोणता, ढोकळ्यात रवा आहे का आणि तळण स्वतंत्र आहे का, असे एकेक घटकाचे नाव घेऊन विचारावे, कारण विक्रेत्याच्या मनात पदार्थ म्हणजे त्याचे मुख्य पीठ असते आणि फोडणी हिशोबात धरलीच जात नाही.

ब्रिटनचा कायदा येथे ग्राहकाच्या बाजूने आहे. ॲलर्जी आणणारे 14 घटक ठरवलेले असून प्रत्येक अन्नव्यावसायिकाने त्यांची माहिती देणे बंधनकारक आहे. फोनवरून किंवा ॲपवरून मागणी नोंदवली तर ही माहिती खरेदीपूर्वी आणि पदार्थ हाती देताना, अशी दोनदा मिळाली पाहिजे. 1 ऑक्टोबर 2021पासून इंग्लंडमध्ये दुकानातच आधी बांधून ठेवलेल्या पाकिटावर संपूर्ण घटकयादी आणि तीत हे घटक ठळक करून छापावे लागतात, मात्र मागणीनंतर तयार होणाऱ्या पदार्थाची माहिती तोंडी दिली तरी चालते, आणि चाट बहुतेक वेळा याच दुसऱ्या प्रकारात मोडते. या 14मध्ये शेंगदाणा, तीळ, दूध, काजू-बदामासारखा सुका मेवा आणि मोहरीही आहे. वडापावाच्या कोरड्या लसूण चटणीत शेंगदाणा व तीळ असू शकतात आणि फोडणीत मोहरी असतेच, हे मराठी यजमानाला ठाऊक असते, पण परक्या पाहुण्याला ते सुचणारही नाही; ही विचारपूस यजमानानेच करायला हवी. बेसन, म्हणजे हरभरा, मात्र या यादीत नाही, तेव्हा हरभऱ्याची ॲलर्जी असणाऱ्याने छापील तक्त्यावर विसंबू नये.

चवीच्या दृष्टीने एकच मागणी पुरते: सारे सुटे द्या. पुरी व शेव कुरकुरीत राहतात त्या त्यांच्यात पाण्याचा अंश फार थोडा असतो म्हणून. चटणी किंवा दही लागले की तो ओलावा पिठात मुरतो आणि काही मिनिटांत त्या वातड होतात. गरम वड्याचा डबा घट्ट झाकला तर आतली वाफ झाकणाला लागून पुन्हा वड्यावर टपकते, म्हणून डबा किंचित उघडा ठेवायला सांगावे आणि घरी वडा ओव्हनमध्ये गरम करावा, मायक्रोवेव्हमध्ये नव्हे. पुदिन्याच्या पाण्याचा डबा उघडताच काळ्या मिठाचा गंधकासारखा वास येतो; नव्या माणसाला ते पाणी नासले आहे असे वाटून तो ते मोरीत ओतून देण्याची शक्यता असते, तेव्हा आधीच सांगून ठेवलेले बरे. मिसळ नेताना कट, म्हणजे मसाल्याचा तवंगदार रस्सा, वेगळा मागावा, म्हणजे ज्याला जेवढे झेपेल तेवढे तो घेईल. तिखट लागल्यास पाण्यापेक्षा दही उपयोगी पडते, कारण मिरचीतला दाहक घटक पाण्यात नीट विरघळत नाही.

उरलेल्या पदार्थांबद्दल मात्र ढिलाई नको. शिजवलेला बटाटा, भात आणि रगडा यांत काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही टिकतात, आणि पदार्थ कोमट अवस्थेत पडून राहिला तर ते वाढून असे विष तयार करू शकतात जे पुन्हा गरम केल्याने नाहीसे होत नाही. इंग्लंडमध्ये उपाहारगृहांना विक्रीसाठीचा गरम पदार्थ 63 अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक आणि थंड पदार्थ 8 अंश किंवा त्याहून कमी तापमानात ठेवावा लागतो. घरी थर्मामीटर नसला तरी पाहुणे गप्पा मारत बसलेले असताना रगड्याचे भांडे तासन्‌तास टेबलावर राहू देऊ नये. पुदिन्याचे पाणी कच्च्या पाल्याचे असते, ते आणल्या आणल्या फ्रिजमध्ये ठेवावे आणि त्याच दिवशी संपवावे. पुऱ्या तेवढ्या कोरड्या, हवाबंद डब्यात ठेवल्या तर दुसऱ्या दिवशीच्या चहाबरोबरही चालतात.