'ळ' ची ओळख : पांढुर्णा-सौंसर भागातील बालवाडीसाठी एक पाठ

मराठी वर्णमालेच्या अखेरीस येणारा 'ळ' शिकविताना पहिली अडचण अशी येते, की या वर्णाने मराठी शब्दाचा आरंभ होत नाही. 'ग गवताचा' या धर्तीची पाठांतराची रीत येथे उपयोगी पडत नाही. शब्दाच्या मध्यात किंवा अंती दडलेला ध्वनी बालकाला कानाने शोधावा लागतो. पांढुर्णा व सौंसर या भागात याहून मोठी अशी दुसरी अडचण आहे.

नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशाचा हा मराठीभाषी भाग १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नव्या मध्य प्रदेशात राहिला, तर शेजारचा विदर्भ मुंबई राज्यात गेला. दीर्घकाळ छिंदवाडा जिल्ह्यात असलेल्या या तहसिली ऑक्टोबर २०२३ पासून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आल्या. येथील बहुसंख्य घरांत मराठी बोलली जाते आणि शासकीय व्यवहार हिंदीत चालतो. हिंदीच्या प्रचलित वर्णमालेत 'ळ' ला स्थान नाही. घरच्या वऱ्हाडी-नागपुरी वळणाच्या बोलीत पुष्कळांच्या तोंडी त्याचा 'य' होतो. परिणामी बैलांच्या एकाच सणाला आजी 'पोया' म्हणते, मराठी पुस्तक 'पोळा' म्हणते आणि शाळेच्या फळ्यावर 'पोला' लिहिले जाते. मारुतीच्या दर्शनासाठी जामसावळीला जाणाऱ्या बालकाला वाटेवरच्या पाटीवर जामसांवली भेटते.

मोठ्यांना यात गंमत वाटते. तीन वर्षांच्या बालकाला मात्र आपला शब्द चुकला एवढेच कळते. 'डोया' म्हटल्यावर वर्ग हसला, तर ते मूल पुढच्या वेळी डोळ्याकडे नुसते बोट दाखविते, बोलत नाही. म्हणून अंगणवाडीच्या कार्यकर्तीने बालकाच्या शब्दाला प्रथम होकार द्यावा व आपल्या उत्तरात 'ळ' सहज आणावा : "हो, डोळा. दुसरा डोळा कुठे आहे?" बालकाकडून शब्द पुन्हा वदवून घेण्याचा आग्रह धरू नये. 'ळ' उच्चारताना जिभेचे टोक वर वळून टाळूला टेकते व पुढे झटकले जाते. हे वळण लहान वयात उशिरा साधते. कानाला भेद कळू लागला की जीभ यथावकाश त्यामागे येते.

कानाच्या तयारीसाठी या भागात संत्र्यासारखे साधन नाही. संत्रे सोलताना 'साल' एका वाटीत व 'फळ' दुसऱ्या वाटीत ठेवावे आणि दोन्ही शब्द सावकाश उच्चारावेत. 'ल' व 'ळ' यांतील अंतर बालकाच्या हातात येते, आणि शेवटी फोडी खावयास मिळतात हेही काही थोडे नव्हे. त्यानंतर गाल आणि गाळ, वेल आणि वेळ अशा जोड्या घ्याव्यात. गालाला बोट लावावे. नदीकाठचा ओला गाळ मुठीत धरावा.

दुसरी कृती चाळणीची. अंगणात वाळू आणून मुलांकडून चाळून घ्यावी. 'वाळू', 'चाळणी', 'चाळणे' हे तिन्ही शब्द एकाच कामात येतात, त्यासाठी वेगळा पाठ लागत नाही. कापडी पिशवीत गुळाचा खडा, केळे, मण्यांची माळ आणि पुरचुंडीत थोडे तांदूळ ठेवून डोळे मिटून वस्तू ओळखण्याचा खेळही मुलांना फार प्रिय असतो. पिशवीत एखादी वाटी, एखादा चमचाही असावा. म्हणजे 'ळ' नसलेला शब्द ओळखण्याचे काम उरते.

पळस हा शब्द येथील मुलांना पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात रोवल्या जाणाऱ्या झाडामुळे ठाऊक असतो. गोटमारीतील दगडफेकीचा विषय बालवाडीत आणण्याचे कारण नाही. पळसाची पाने आणून पत्रावळ टाचावी. तिच्यात 'ळ' आहेच. पोळ्याच्या सुमारास चिकणमातीच्या गोळ्यांचे बैल करता येतात.

आकार यानंतरच दाखवावा. शिरोरेषेखाली आखूड दांडी आणि तिच्याखाली शेजारी-शेजारी दोन वेटोळी : हे अक्षर मुलांना दोन डोळ्यांसारखे दिसते, आणि 'डोळे' या शब्दातच ते अक्षर असल्याने ही खूण टिकते. पुठ्ठ्यावर डिंकाने मोठा 'ळ' काढून त्यावर चाळलेली बारीक वाळू भुरभुरावी. वाळल्यावर बालकाने दोन बोटे लिहिण्याच्या दिशेने त्यावरून फिरवावीत व त्याच वेळी ध्वनी ऐकावा. १९०७ साली रोममध्ये पहिले बालगृह उघडणाऱ्या डॉ. मारिया माँटेसरी यांच्या खरखरीत अक्षरांचेच हे रूप होय. विकतच्या साधनांवाचून हे काम साधते, हे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी दाखवून दिले. १९४५ साली बोर्डी येथे सुरू झालेल्या व पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेलेल्या त्यांच्या कार्यात पाने, बिया, शंख-शिंपले हीच शिक्षणसामग्री होती, आणि वारली मुलांपर्यंत अंगणवाडी पोहोचली ती त्यांच्या पाड्यांवर.

नाव सांगताना एदुआर सेगँ यांची तीन पायऱ्यांची पद्धत पाळावी. प्रथम 'हा ळ'. मग शेजारी 'ल' ठेवून 'ळ कुठे आहे?', आणि अगदी शेवटी, बोट ठेवून, 'हे काय?'. दुसऱ्या पायरीवर मूल अडखळले तर तिसरा प्रश्न विचारूच नये, खेळ आवरता घ्यावा. तीन-चार वर्षांच्या बालकाला पाटीवर 'ळ' गिरविण्यास बसविणे अयोग्य आहे. काही पालक पाटी पाहूनच शिक्षणाची परीक्षा करतात. त्यांना एक दिवस चाळणीच्या खेळाला बोलवावे.

हिंदीशी या पाठाचे वैर नाही. १९५६ मध्येच सातव्या दुरुस्तीने संविधानात आलेल्या अनुच्छेद ३५०-क ने भाषिक अल्पसंख्य बालकांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी पुरविण्याचा प्रयत्न करणे राज्यांवर सोपविले आहे. वर्गातील माध्यम हिंदी असले तरी दिवसाकाठी पंधरा मिनिटे घरच्या ध्वनींना देता येतात. पुढे पहिलीत 'फल' वाचताना मूल 'फळ' म्हणाले, तर शिक्षकांनी ती चूक न मानता दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी-शेजारी लिहावेत आणि कोणता शब्द कोठे चालतो हे मुलालाच सांगू द्यावे. वाळूच्या अक्षराचा पुठ्ठा तोवर वर्गात हाताशी असू द्यावा. वाळू झडली की डिंकाचा नवा हात द्यावा.