घरचा राउटर व त्याचीं दारें

घरोघरीं आतां इंटरनेटची तार पोंचली आहे, व तिच्या टोकाशीं दोन-तीन शिंगें उभारून एक लहानशी पेटी बसलेली असते. तिला राउटर म्हणतात. तिचे दिवे लुकलुकत असले, कीं आपण तिजकडे ढुंकूनहि पाहत नाहीं. परंतु बाहेरून घरांत कोणी शिरावें व कोणी शिरूं नये, ह्याचा निकाल हीच पेटी देते. सबब तिच्या अंतरंगाची थोडी ओळख वाचकांस करून द्यावी, असें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम पत्त्याचा प्रश्न पाहूं. इंटरनेटवरील जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही ४ चे, पत्ते एकंदर ४,२९,४९,६७,२९६ एवढेच होतात. जगांतील यंत्रांच्या मानानें हे फार थोडे. ह्या टंचाईवर १९९४ सालीं एगेव्हँग व फ्रान्सिस ह्या दोघांनीं एक तोड प्रसिद्ध केली. तिचें नांव नॅट, म्हणजे पत्त्यांची अदलाबदल.

वसतिगृहाचें उदाहरण घ्या. मुलें शंभर, पण डाकेचा पत्ता एक. मुलानें पत्र लिहिलें, कीं कारकून त्यावर वसतिगृहाचा पत्ता व एक क्रमांक घालतो, आणि कोणता क्रमांक कोणत्या मुलाचा ह्याची नोंद वहींत करतो. त्या क्रमांकावर उत्तर आलें, म्हणजे वही पाहून तें ज्याचें त्यास मिळतें. राउटर हेंच करतो. घरांतील यंत्रांस तो बहुधा १९२.१६८ नें आरंभ होणारे खासगी पत्ते देतो. ते बाहेरच्या जगांत चालत नाहींत. क्रमांकास पोर्ट म्हणतात, व ते ६५,५३५ पर्यंत असतात.

आतां वहींत नोंदच नाहीं असें पत्र आलें तर? कारकून तें टाकून देईल. ह्यावरून नॅट हीच तटबंदी, अशी पुष्कळांची समजूत होते. आम्हांस ती अपुरी वाटते. पत्र टाकलें तें कोणास द्यावें हें कळेना म्हणून, संशयानें नव्हे. संशय घेणें हें फायरवॉलचें काम. ती प्रत्येक पाकीट नियमांशीं ताडून पाहते. आयपीव्ही ६ ह्या नव्या पद्धतींत प्रत्येक यंत्रास स्वतःचा जाहीर पत्ता मिळूं शकतो, व वहीची गरजच उरत नाहीं; तेथें फायरवॉल बंद असेल, तर घर उघड्या माळावर असल्यासारखेंच समजावें.

आमच्या घरचीच गोष्ट सांगतों. गांवीं आमची वृद्ध मावशी एकटी राहते. दुरून तिची खबर घेतां यावी म्हणून आम्हीं ओसरीवर कॅमेरा बसविला. बाहेरून तो दिसावा, ह्यासाठीं 'अमुक क्रमांकाचें पत्र सदैव ह्यासच द्यावें', अशी कायमची ताकीद राउटरला दिली. हिला पोर्ट-फॉरवर्डिंग म्हणतात. दोन दिवस ठीक चाललें. तिसऱ्या दिवशीं वीज जाऊन आली, राउटरनें कॅमेऱ्यास निराळाच खासगी पत्ता दिला, आणि ताकीद जुन्या पत्त्यावरच राहिली. (यंत्राचा पत्ता आधीं राखून ठेवावा लागतो, हें आम्हांस मागाहून कळलें.) उतावळेपणानें आम्हीं कॅमेऱ्याचा नवा पत्ता 'डीएमझेड' ह्या सदरांत घातला. ह्या सोयीनें नोंद नसलेलीं सर्वच पत्रें एका यंत्राकडे धाडलीं जातात. कॅमेरा दिसूं लागला व आम्ही निश्चिंत झालों. त्याचा परवलीचा शब्द मात्र कारखान्यांतून आला तोच होता.

पंधरवड्यानें मावशीचा फोन आला, "अरे, रात्रीं हें डबडं माझ्याकडे मान वळवून बघत होतं. तूंच फिरवलंस ना?"

आम्हीं फिरविलें नव्हतें.

अशी घुसखोरी दुर्मीळ नव्हे. २०१६ सालीं 'मिराई' नामक उपद्रवी प्रोग्रॅमनें कारखान्यांचेच शब्द चालवून पाहून लाखों कॅमेरे व राउटर कबजांत घेतले. २१ ऑक्टोबर रोजीं त्यांच्या माऱ्यानें अमेरिकेंतील 'डिन' ही सेवा दडपली जाऊन ट्विटरसारखीं मोठीं स्थळें कित्येक तास नीट उघडेनाशीं झालीं.

दुसऱ्याच दिवशीं आम्ही गांवीं गेलों. ब्राउझरमध्यें १९२.१६८.१.१ हा पत्ता घालून राउटरचें पान उघडलें (कांहीं राउटरांत तो १९२.१६८.०.१ असतो). डीएमझेड बंद केलें, फॉरवर्डिंगची ताकीद काढून टाकली, बाहेरून राउटर चालविण्याची मुभा बंद केली, आणि राउटरचा परवलीचा शब्द बदलला. यूपीएनपीहि बंद केलें. ह्या सोयीमुळें घरांतील कोणतेंहि यंत्र आपणांस न विचारतां दार उघडूं शकतें. खेळांच्या नादी मुलांस तें बंद केलेलें रुचणार नाहीं, पण त्यास इलाज नाहीं. आयपीव्ही ६ ची फायरवॉल चालू असल्याची खात्री केली. कॅमेरा मूळ स्थितींत आणून त्याचें सॉफ्टवेअर नवें केलें, व लांबलचक शब्द घातला. आतां आम्ही राउटरमधीलच व्हीपीएनच्या कुलूपबंद वाटेनें आंत जातों. तिच्यापुरतें एक दार उघडें आहे.

हें सर्व करण्यापूर्वीं राउटरचा बाहेरचा पत्ता पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ ह्यांपैकीं कशानें सुरू होत असेल, तर सेवा देणाऱ्या कंपनीकडेहि असाच एक कारकून बसला आहे असें जाणावें. मग घरीं कितीहि ताकिदी दिल्या, तरी बाहेरचें पत्र तुमच्या दारापर्यंत पोंचणारच नाहीं. कंपनीकडे जाहीर पत्ता मागावा लागतो.

मावशीनें कॅमेऱ्यावर एक जुनें फडकें टाकून ठेवलें आहे. आम्हीं आधीं फोन केला, तरच ती तें बाजूस सारते.