आधी भोक बघ, मग नक्षी

जपानी तलवारीचं पातं आणि मूठ यांच्या मधे धातूची एक चकती बसवलेली असते. तिला त्सुबा म्हणतात. तळहातात मावणाऱ्या या चकत्या जगभर जमवल्या जातात. माझी आत्या बरीच वर्षं टोकियोत होती, आता पुण्यात जपानी शिकवते, आणि तिला या चकत्यांचं मनापासून वेड आहे. माझा धाकटा भाऊ निखिल पहिली त्सुबा घ्यायला निघाला, तेव्हा त्या दोघांचं झालेलं हे बोलणं. या वाटेला नव्यानं येणाऱ्या कुणालाही ते उपयोगी पडेल.

निखिल : आत्या, हा फोटो बघ ना. लिलावात आलीय. लोखंडी त्सुबा, वर सोन्याचा ड्रॅगन, शिवाय नोबुइएची सही. किंमत पण आवाक्यात आहे. घेऊ?

आत्या : नको. नोबुइए सोळाव्या शतकातला. त्याचं सगळं नाव झालं ते लोखंडामुळे. जाडसर चकती, बहुतेक वेळा चार पाकळ्यांची, अंगावर हातोडीचे ठोके तसेच ठेवलेले, कधी कासवाच्या पाठीची नक्षी बारीक रेघांनी कोरलेली, तर कधी बौद्ध जपाची अक्षरं. उठावदार सोनेरी ड्रॅगन ही फार पुढच्या काळातली हौस. सही एका शतकाची नि काम दुसऱ्याच शतकाचं, असा हा प्रकार आहे. त्याच्या नावाच्या खोट्या सह्या तर पूर्वीपासून चालत आल्यात.

निखिल : मग सहीवर भरवसाच ठेवायचा नाही का?

आत्या : तू तरी आत्ता ठेवू नकोस. जुन्या लोखंडी त्सुबांमधल्या कितीतरी उत्तम त्सुबांवर सहीच नाही. आणि सही असते कुठे? मधल्या भोकाच्या डाव्या बाजूला. तलवार जोडली की तिथं सेप्पा नावाच्या पातळ चकत्या चढतात, मग सही जवळजवळ झाकूनच जाते. वापरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सही नसायचीच, त्सुबा असायची.

निखिल : पण तिचं नेमकं काम काय? समोरच्याचा वार अडवायचा?

आत्या : वार अडतोही कधी, पण मुख्य काम म्हणजे आपलाच हात घसरून पात्यावर जाऊ नये. शिवाय तिच्या वजनानं तलवारीचा तोल बदलतो. आपल्या मराठा तलवारीची मूठ आणि परज एकमेकांना पक्की जोडलेली असते. जपानी तलवारीचं तसं नाही. मुठीतली बांबूची खुंटी काढली की मूठ, सेप्पा, त्सुबा सगळं सुटं होतं. त्यामुळे पातं तेच ठेवून त्सुबा बदलता यायची, आणि एकच त्सुबा पुढच्या पिढीत दुसऱ्या पात्यावर चढायची. संग्राहकाच्या दृष्टीनं सगळी गंमत यातच आहे. ही घे, हातात धर. कडेनं धर, अंगावर बोटं टेकवू नकोस.

निखिल : जड आहे गं. आणि नक्षी म्हणशील तर फक्त दोन मोठी आरपार भोकं, डावीकडे एक, उजवीकडे एक.

आत्या : नक्षी राहू दे. मधलं भोक बघ, पात्याचं मुठीत जाणारं टोक जिथून जातं ते. वर निमुळतं, खाली रुंद. वरच्या बाजूला धार, खालच्या बाजूला पात्याची पाठ. त्या भोकाच्या दोन्ही टोकांना तांबूस काही दिसतंय?

निखिल : हो, तांब्याचे तुकडे ठोकून बसवलेत.

आत्या : हे पातं अचूक बसवण्यासाठी. लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून मऊ तांबं. नवं पातं बारीक असेल तर तांबं वाढवायचं, जाड असेल तर कापायचं. आता भोकाच्या कडेला छिन्नीचे चार-सहा ठोसे आहेत बघ. सैल झालेलं भोक आवळण्यासाठी ते मारलेत. म्हणजे ही त्सुबा निदान दोन वेगवेगळ्या पात्यांवर चढून गेलीय.

निखिल : आणि बाजूच्या या दोन खिडक्या? एक अर्धचंद्रासारखी आहे, दुसरी तीन पाकळ्यांची.

आत्या : म्यानाच्या कडेला एक छोटी सुरी खोचलेली असायची, तिची मूठ अर्धचंद्राच्या खिडकीतून वर यायची. पाकळ्यांच्या खिडकीतून केस सारखे करायची लांब सळई, तिला कोगाई म्हणतात. ज्याला यातलं काही नको असेल तो खिडकी शिशानं किंवा दुसऱ्या धातूनं बुजवून टाकायचा. ही उजवीकडची बुजवलेली आहे, दिसलं? ड्रॅगन कुणीही घडवेल रे. ही झीज, हे ठोसे, हे बुजवलेलं भोक एका दिवसात करता येत नाही. म्हणून मी सगळ्यांना सांगते, आधी भोक बघा, मग नक्षी.

निखिल : नकली बनवणारे हेही करत असतील की.

आत्या : करतात, पण बहुतेक नकली त्सुबा ओतीव असतात आणि ओतकाम लपत नाही. अस्सल त्सुबा ठोकून घडवलेली, आणि तिची आरपार नक्षी करवतीनं, छिन्नीनं कापून कानशीनं घासलेली. म्हणून त्या नक्षीच्या आतल्या भिंती सरळ असतात, कडा स्वच्छ, फार तर वापरानं किंचित मऊ. ओतीव त्सुबेत त्याच भिंती खरखरीत, कोपरे गोल, कधी मधोमध साच्याची बारीक रेघ. पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे. विक्रेत्याकडे आतल्या भिंतींचा जवळून काढलेला फोटो मागायचा. तो देत नसेल तर पुढं जायचं.

निखिल : ही कुठली आहे मग?

आत्या : हिगो घराण्याच्या पद्धतीची. हिगो म्हणजे आजचा कुमामोतो. तिथल्या होसोकावा तादाओकीनं, ज्याला सान्साई म्हणत, हे काम वाढवलं. तो सेन नो रिक्यूचा शिष्य, चहाच्या विधीत मुरलेला सरदार. त्यामुळे हिगोच्या कामात भपका कमी, लोखंडाचा रंग आणि रिकामी जागा जास्त. हा दोन भोकांचा घाट प्रसिद्ध तलवारबाज मियामोतो मुसाशीच्या नावावर सांगितला जातो. शेवटची काही वर्षं तो कुमामोतोतच होता, १६४५ मध्ये तिथंच गेला. पुढं अनेकांनी हा घाट गिरवला, तेव्हा माझी त्सुबा मुसाशीची असं मी म्हणत नाही. मला ती आवडते ती लोखंडासाठी.

निखिल : तू सारखं लोखंड लोखंड करतेस. मला तर ते नुसतं काळं दिसतंय.

आत्या : उजेडाकडे तिरकं धर. काळ्यात जांभळट तपकिरी छटा आहे ना? ही झळाळी चांगल्या जुन्या गंजाची. जपानी माणूस या गंजाला जिवापाड जपतो. तुझ्या आजीचा भाकरीचा तवा आठव, वर्षानुवर्षांच्या वापरानं त्याच्यावर जो काळेपणा बसलाय तो कुणी घासून काढला तर ती काय म्हणेल? त्सुबेचं तसंच. तारेचा ब्रश, आम्ल, पितळेची पॉलिश यातलं काहीही लागलं की तीनशे वर्षांचं अंग एका दुपारी जातं, आणि ते परत आणता येत नाही. लाल, भुसभुशीत, बोटाला लागणारा गंज मात्र काढावा लागतो. तो हरणाच्या शिंगाच्या किंवा हाडाच्या तुकड्यानं हलकेच खरवडायचा आणि सुती फडक्यानं पुसत राहायचं. आठवडे लागले तरी चालतील.

निखिल : आणि या कडेवर बारीक गाठी आहेत, हे बिघडलंय का काही?

आत्या : उलट! घडवताना कमीजास्त कठीण लोखंडाचे थर एकत्र येतात, आणि कठीण भाग कडेला असा वर राहतो. लोखंडाची हाडं म्हणतात त्यांना. ओवारीच्या, म्हणजे नागोयाकडच्या जुन्या त्सुबांत ती हमखास शोधतात. क्योतोच्या आरपार नक्षीच्या त्सुबा याच्या उलट, नाजूक आणि सडपातळ. दोन्ही शेजारी ठेवून बघितल्या की फरक आपोआप कळतो.

निखिल : सगळ्या लोखंडीच असतात का?

आत्या : नाही. शाकुदो म्हणून तांब्याचा मिश्रधातू आहे, त्यात थोडं सोनं घातलेलं असतं. द्रावणात उकळला की निळसर काळा होतो. शिबुइचीत तांब्याबरोबर साधारण पाव भाग चांदी, तिचा रंग राखाडी. सोन्याचांदीचं बारीक काम याच धातूंवर खुलतं. १८७६ मध्ये सरकारनं चारचौघांत तलवार बाळगण्यावर बंदी घातली आणि या कारागिरांचं कामच गेलं. कानो नात्सुओ तेव्हाचा फार मोठा धातुशिल्पी. मेइजी सरकारच्या नव्या नाण्यांची चित्रं त्यानं केली. बाकी कितीतरी जण परदेशी गिऱ्हाइकांसाठी शोभेच्या वस्तू करू लागले. त्याच काळात त्सुबा पेट्या भरभरून युरोप-अमेरिकेत गेल्या. बोस्टनच्या आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत आज त्या बघायला मिळतात, छायाचित्रंही खुली आहेत. तू आधी तिथं शेकडो बघ.

निखिल : भारताशी काही नातं?

आत्या : आहे, आणि ते गोव्यातून जातं. पोर्तुगीज १५४३ मध्ये जपानला पोहोचले. फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये गोव्याहूनच जपानला निघाले आणि कागोशिमाला उतरले. पुढं गोवा, मलाक्का, मकाव, नागासाकी अशी जहाजांची वाट पडली. या दर्यावर्दींना जपानी लोक नानबान म्हणत, आणि परदेशी मालाच्या, नक्षीच्या प्रभावाखाली घडलेल्या त्सुबांनाही तेच नाव पडलं. गुंतागुंतीची वेलबुट्टी, तिच्यात शिरलेले ड्रॅगन, वर सोन्याचा पातळ मुलामा. लोखंडावर बारीक आडव्याउभ्या रेघा ओढायच्या आणि सोन्याचा पत्रा त्यात ठोकायचा. आपल्याकडच्या कोफ्तगिरीचं तंत्र हेच. जपानीत त्याला नुनोमे झोगान म्हणतात. नानबान त्सुबा तुलनेनं स्वस्त मिळतात. नवशिक्यानं त्यांच्याकडे जरूर बघावं, मात्र सोनं किती उरलंय ते तपासून.

निखिल : खरीखोटी ठरवून देणारं कुणी नाही का? कागदपत्रं?

आत्या : जपानमध्ये १९४८ साली स्थापन झालेली तलवारींच्या जतनाची संस्था आहे, एनबीटीएचके. तिचे परीक्षक वस्तू हातात घेऊन तपासतात आणि होझोन, त्यावर तोकुबेत्सु होझोन अशा श्रेणींचे कागद देतात. १९८२ पूर्वीच्या जुन्या पद्धतीच्या कागदांवर जाणकार तितका विश्वास टाकत नाहीत. कागद असलेली त्सुबा महाग पडते, पण पहिल्या खरेदीला ते पैसे वाया जात नाहीत. आणखी एक सोय म्हणजे जपानमध्ये तलवारीला नोंदणी लागते, सुट्या त्सुबेला लागत नाही. तू इथं मागवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क आधीच हिशेबात धर.

निखिल : आणि मुंबईच्या पावसाळ्यात ठेवू कशी?

आत्या : प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नकोस, आत दमट हवा अडकते. सुती किंवा रेशमी कापडात गुंडाळून लाकडी डब्यात ठेव, डब्यात ओल शोषणारी सिलिकाची पुडी टाक आणि ती दर पंधरवड्याला बदल. हाताळून झाली की घाम पुसून काढ. तेल लावायची गरज नाही, त्यावर धूळ बसते.

निखिल : म्हणजे ड्रॅगन रद्द. मग पहिली कुठली घेऊ ते तरी सांग.

आत्या : सही नसलेली, लोखंडी, आरपार नक्षीची, एदो काळातली, म्हणजे मेइजी सरकार येण्याआधीची. व्यास सात-आठ सेंटिमीटर, भोकाभोवती वापराच्या खुणा, आतल्या भिंती स्वच्छ, अंगावर कुणी पॉलिश न मारलेली. घाई करू नकोस. ससानो मासायुकींचं आरपार नक्षीच्या त्सुबांवरचं पुस्तक माझ्याकडे आहे, ते घेऊन जा आणि आधी वाच. अशी प्रामाणिक त्सुबा आजही काहीशे डॉलरमध्ये मिळते. त्या ड्रॅगनला तू जेवढे मोजणार होतास, जवळपास तेवढ्यातच.