जुनी जीप किती उचलावी?

प्रश्न : आर्वीकडील शेतावर पावसाळ्यात माझी जुनी महिंद्रा ५४० जीप काळ्या मातीत पोटावर टेकते, चार इंच उचलावी काय?

उत्तर : वर्षानुवर्षांच्या भाराने ज्या गाडीचे पाटे सपाट झाले आहेत, तिला उंच करण्यापूर्वी पाट्यांना नव्याने बाक देऊन व झिजलेले बुश बदलून मूळ उंची परत मिळवून द्यावी, हे उत्तम. त्यानंतरही उणीव भासल्यास दोन इंच पुष्कळ. अधिक उचलल्यास प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यांचा कोन वाढतो, ब्रेकच्या नळ्या ताणतात आणि बांधावर गाडी कलंडण्याचे भय राहते. शिवाय डिफरन्शियलचा गोळा, जो चिखलात प्रथम रुततो, तो पाट्यांनी तसूभरही उचलला जात नाही. ते काम मोठ्या टायरांचे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ असल्या फेरफारांना आडवे येते, सबब परिवहन कार्यालयात आधी रीतसर चौकशी करावी.