आपापला षड्ज



कोणतीही वस्तु मोजावयाची झाली कीं आधीं एक प्रश्न उभा राहतो : कोठून मोजावयाचें? हातांतील पट्टी कितीही चांगली असली, तरी तिचें शून्य कोठें टेकवावयाचें हें ठरल्यावांचून मोजणी सुरू होत नाहीं. या शून्याच्या जागेस आपण मूळबिंदु म्हणूं. भूगोल, गायन, व्यापार आणि आपलें रोजचें वागणें या सर्वांस असा मूळबिंदु लागतो. परंतु सर्व मूळबिंदु एका जातीचे नसतात. त्यांतील भेद समजून घेणें हा आजच्या पाठाचा विषय आहे.

घराजवळचें उदाहरण घ्या. रोहें हें पुष्कळांस लहानसें गांव वाटतें. परंतु २६ जानेवारी १९९८ रोजीं जिचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला, त्या कोकण रेल्वेचें शून्य येथेंच आहे. येथपासून मंगळुराजवळच्या ठोकुरापर्यंत सुमारें ७४० किलोमीटरांचा मार्ग मोजला जातो. वाटेंत दरड कोसळली, तर अमुक किलोमीटरावर या असें सांगतांच दोन बाजूंचीं माणसें एकाच जागीं पोहोंचतात. कारण दोघांचें शून्य एक आहे. स्थानकाच्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंचीही लिहितात. समुद्राचें पाणी तर क्षणभरही एका पातळीवर राहत नाहीं; मग ही सपाटी कोठली? किनाऱ्यावर पुष्कळ वर्षें भरती-ओहोटीचीं मापें घेऊन त्यांची सरासरी काढितात. मुंबईस अपोलो बंदरावर अशा मापांची नोंद १८७८ पासून आहे. म्हणजे हालत्या समुद्रांतून माणसानें न हालणारी एक रेघ शोधून काढिली आणि सर्वांनीं ती मान्य केली.

घड्याळाची गोष्ट अशीच आहे. १ जानेवारी १९०६ पासून साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची वेळ भारतांत प्रमाण ठरली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्याहून ३९ मिनिटें मागें होती, आणि ती सोडण्यास मुंबईकर पुष्कळ वर्षें तयार नव्हते. आजही पेणेस खरा मध्याह्न होतो तो घड्याळांत बारा वाजल्यानंतर, सरासरीनें सुमारें ३८ मिनिटांनीं. तरी आपण घड्याळाचें ऐकतों, आणि तेंच योग्य आहे. पेणची एक वेळ व रोह्याची दुसरी अशी स्थिति असती, तर गाडी गांठणें दुरापास्त झालें असतें.

खारेपाटांतील शेतकरी याहून बारीक हिशेब करितो. भरती केव्हां येणार हें त्यास ठाऊक असावें लागतें. नाहीं तर बांधाची उघाडी वेळेवर बंद होणार नाहीं आणि खारें पाणी भातांत शिरेल. आपल्या किनाऱ्यावरचा जुना नियम असा, कीं तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. जें उत्तर येईल त्या सुमारास पूर्ण भरती. पंचमीस पावणेचार, अष्टमीस सहा. चंद्राच्या गतीमुळें भरती रोज सुमारें ५० मिनिटें उशिरा येते आणि पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटें. म्हणून हा ढोबळ हिशेब कामापुरता जमतो. परंतु खाडीच्या आंतल्या अंगास पाणी कांहींसें उशिरा चढतें. सबब जाणता शेतकरी नियम सर्वांचा घेतो आणि त्यांत आपल्या बांधाचा उशीर मिळवितो. सामायिक माप आणि आपली जागा, दोन्हींची ओळख असल्यावांचून शेत वांचत नाहीं.

आतां गायनाकडे वळूं. गवई बसतांच तंबोरा जुळवितो. त्यांतून निघणारा षड्ज, म्हणजे ‘सा’, हा गायनाचा मूळबिंदु. वाद्यांच्या जुळणीसाठीं सेकंदास ४४० कंपनांचा एक स्वर १९३९ सालीं लंडन येथील परिषदेंत प्रमाण मानला गेला. परंतु आपल्या संगीतांत षड्ज अमुकच कंपनांचा असावा असा दंडक नाहीं. पुरुष बहुधा काळी एक ते काळी दोनच्या आसपास षड्ज धरितात, स्त्रिया काळी चार किंवा पांचच्या आसपास. ज्याच्या गळ्यास जो झेपेल तो त्याचा षड्ज. मात्र एकदां तो धरिला कीं मुभा संपली. षड्ज २४० कंपनांचा असेल तर पंचम ३६० चा आणि वरचा षड्ज ४८० चा. षड्ज २०० चा असेल तर पंचम ३०० चा आणि वरचा षड्ज ४०० चा. आंकडे बदलले, प्रमाण बदललें नाहीं. ज्याचा षड्ज गातां गातां सरकला त्यास आपण बेसूर म्हणतों; ज्याचा षड्ज शेजाऱ्याहून निराळा आहे, त्यास कोणी बेसूर म्हणत नाहीं.

यावरून मूळबिंदूंचे दोन प्रकार ध्यानांत येतील. वेळ, उंची, अंतर, नाणें यांचा मूळबिंदु सामायिक असावा लागतो. प्रत्येकानें आपला निराळा केला तर तो निरुपयोगी होतो. षड्ज आपापला असावा लागतो. दुसऱ्याचा उसना घेतला तर गळा फाटतो. सकाळच्या प्रार्थनेंत शंभर मुलें एकच सूर धरितात, तेथें स्वतःची पट्टी लावून बसणें हा आडमुठेपणा होय. पण त्यांतील एखादी मुलगी एकटी गावयास उभी राहिली असतां तिच्यावर मुलांची पट्टी लादणें हा अन्याय होय. मनुष्याचें बरेंचसें दुःख हे दोन प्रकार एकमेकांत मिसळल्यानें उत्पन्न होतें.

आपल्याच भागांतील दोन माणसें पाहा. विनोबा भावे यांचा जन्म पेण तालुक्यांतील गागोदें येथें ११ सप्टेंबर १८९५ रोजीं झाला. चिंतामणराव देशमुख महाडजवळील नातें येथें १४ जानेवारी १८९६ रोजीं जन्मले आणि त्यांचें बालपण रोह्यास गेलें. दोघांच्या वयांत चार महिन्यांचें अंतर. विनोबांनीं आपलीं प्रमाणपत्रें अग्नीस दिलीं. १९१६ सालीं इंटरमीजिएटच्या परीक्षेसाठीं मुंबईस निघाले असतां ते सुरतेस उतरले आणि काशीस गेले. चिंतामणराव १९१८ सालीं लंडन येथें आय. सी. एस. परीक्षेंत पहिले आले आणि १९४३ सालीं रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. १९४४ सालीं ब्रेटन वुड्सच्या परिषदेस ते भारतातर्फे उपस्थित होते. तेथें राष्ट्रांच्या नाण्यांस एक सामायिक षड्ज देण्यांत आला : डॉलर सोन्याशीं बांधावयाचा, एका औंसास ३५ डॉलर, आणि इतर नाणीं डॉलरशीं. १९७१ सालीं अमेरिकेनें ती गांठ सोडिली.

एकानें परीक्षा सोडिली, दुसरा परीक्षेंत पहिला आला. यांत थोर कोण? एका तंबोऱ्यावर दोन गळे मोजण्यासारखा हा प्रश्न आहे. पाहावयाचें तें हें, कीं ज्यानें जो षड्ज धरिला तो त्याचा सरकला कां. १९५१ सालीं भूदानाची हांक देऊन विनोबा वर्षानुवर्षें पायीं हिंडले आणि जमीनमालकांकडे सहावा हिस्सा मागत राहिले. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याचें घाटूं लागलें, तेव्हां चिंतामणरावांनीं १९५६ सालीं अर्थमंत्रिपद सोडिलें. दोघांचाही स्वर ढळला नाहीं.

पालकांनीं या ठिकाणीं थोडें थांबून विचार करावा. एका मुलास गणितांत गेल्या वर्षीं ३५ गुण होते, यंदां ५२ आहेत. शेजारच्या मुलास ८२ आहेत. शेजाऱ्याच्या शून्यापासून मोजलें तर हा मुलगा ३० नें मागें आहे. स्वतःच्या शून्यापासून मोजलें तर १७ नें पुढें आहे. दोन्ही मापें खरीं आहेत. पहिलें लपविलें तर मुलगा भ्रमांत राहतो, आणि दुसरें लपविलें तर त्याचें मन खचतें. परीक्षेचें माप सामायिक आहे, तें टाळूं नये. प्रमाणपत्रें जाळल्यानें कोणी विनोबा होत नाहीं. परंतु ‘तो पाहा आणि तूं पाहा’ हें एकच वाक्य ज्या घरांत रोज ऐकूं येतें, त्या घरांतील मूल पुढें स्वतःचा गळा विसरतें.

आणि मुलांनो, तुम्हांस एवढेंच सांगणें आहे. कोकणांतील पावसाळी हवेंत तंबोऱ्याच्या तारा उतरतात. म्हणून काल जुळविला होता या भरंवशावर आज कोणी गावयास बसत नाहीं. निजण्यापूर्वीं वहींत दोन ओळी लिहीत जा : आज सर्वांबरोबरचें कोणतें माप मीं पाळलें, आणि माझा षड्ज कोठें सरकला. वेळ मोजून पांच मिनिटें लागतील.