हातगुण गेला, की पाणी गार झालं?

प्रश्न : मी कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवर काम करतो. गेली चार वर्षं रविवारी पहाटे गळ टाकायला कृष्णेवर जातो. कधी हरिपूरला संगमाच्या अंगाला, कधी मिरजेच्या घाटाकडे. साधारण तीन रविवारांत एकदा काहीतरी लागतं. नोव्हेंबरातल्या एका रविवारी चांगले दीड-दीड किलोचे दोन रोहू मिळाले. त्यानंतर सलग सात रविवार हात हलवत परत आलोय. आमिष बदललं, जागा बदलली, दोरी बदलली, रोहू मिळाले त्या दिवशीची टोपीसुद्धा घालून पाहिली. घरचे म्हणतात, हातगुण गेला. आता रविवारी उठवत नाही. खरंच काही बिघडलंय का? आणि अशा वेळी मन कसं टिकवायचं? रोहूंच्या रविवारापासूनची सगळी टिपणं सोबत जोडली आहेत.
— एक वाचक, कुपवाड

उत्तर : तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न गुंतले आहेत. सात वेळा रिकामं येणं हे कितपत विचित्र आहे? विचित्र नसलं तरी त्यामागे पाण्यातलं काही कारण असेल का? आणि कारण काहीही असो, आठव्या रविवारी उठायचं कसं? दोरीचा गुंता सोडवतात तसं एकेक टोक धरून सोडवू.

आधी हिशेब. तीन रविवारांत एकदा मासा लागतो, याचाच अर्थ तीनांतले दोन रविवार कोरडे जातात. तेव्हा कोणतेही सलग सात रविवार कोरडे जाण्याची शक्यता काढायची तर सात वेळा दोन-तृतीयांश घेऊन त्यांचा गुणाकार करायचा. उत्तर येतं शंभरात सुमारे सहा. म्हणजे तसं कमीच. पण तुम्ही वर्षात सातच रविवार जात नाही. पूर आणि घरची कार्यं वगळून चाळीस वेळा तरी जात असाल. चाळीस फेऱ्यांत कुठेतरी अशी सात कोरड्या रविवारांची रांग लागण्याची शक्यता जवळपास निम्मी भरते. चार वर्षांत ती एकदाही आली नसती, तरच नवल. इथे हातगुणाचा संबंध नाही.

शिवाय तुम्ही मोजायला सुरुवात कुठून केली, तेही बघा. दोन रोहूंच्या रविवारापासून! तो तुमच्या चार वर्षांतला नशिबाचा दिवस होता. दिवाळीच्या फराळाशी तुलना केली, तर मार्गशीर्षातलं रोजचं जेवण बेचवच लागणार. मोठ्या यशानंतर बहुतेक वेळा नेहमीचे दिवस येतात, आणि ते पडझडीसारखे वाटतात.

याची उलट बाजूही सांगून ठेवतो. 'सात वेळा नाही, म्हणजे आठव्यांदा नक्की' हेही खरं नाही. माशाकडे तुमच्या फेऱ्यांची वही नसते. आठव्या रविवारीही शक्यता तीनात एकच. पाणी बदललं असेल तर तीही कमी.

आता पाण्याकडे वळू. माशाचं रक्त आपल्यासारखं सदा गरम नसतं. पाणी जितकं गार, तितकं अंग गार. अंग गार झालं की पचन मंदावतं, आणि पचन मंदावलं की भूक. रोहू, कटला, मृगळ ही मंडळी साधारण २५ ते ३० अंशांच्या पाण्यात जोरात खातात. पारा विशीकडे उतरला की सुस्तावतात. तुमचे दोन रोहू नोव्हेंबरातले, आणि सात कोरडे रविवार थंडीतले. मासा पळून गेलेला नाही. तो तिथेच आहे, पण जेवायला उठत नाही.

'पहाटे नदीवर वाफा दिसतात, म्हणजे पाणी कोमट असणार' असं पुष्कळांना वाटतं. वाफा एवढंच सांगतात की पाणी हवेपेक्षा गरम आहे. हवा बारा अंशांवर असेल तर अठरा अंशांच्या पाण्यावरूनही वाफ निघते. ते अठरा अंश रोहूला गारच. म्हणून उन्हाळ्यात शोभणारी पहाट थंडीत अंगलट येते. उन्हाळ्यात दुपारी पाणी तापतं, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो : २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसातच. तेव्हा चैत्र-वैशाखात सकाळी लवकर जाणं रास्त. पौषात मात्र चांगलं ऊन चढल्यावर, अकरा ते तीनच्या वेळात, उथळ आणि उन्हाच्या बाजूला बसावं. तुमच्या टिपणांत सातही रविवारी 'सहाला पोचलो, नऊला उठलो' असं आहे. आमिष, जागा, दोरी, टोपी सगळं बदललंत. घड्याळ तेवढं बदललं नाहीत.

दुसरी गोष्ट बंधाऱ्याची. पावसाळा सरला की कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बरगे घालून पाणी अडवतात. वाहती नदी मग तळ्यासारखी तुंबते. ऑक्टोबरात जिथे कमरेएवढं पाणी होतं, तिथे नंतर दोन पुरुष असू शकतं. आणि तुमचं बूच अजून जुन्याच खुणेवर बांधलेलं! गळ तळापासून पार वर लटकतोय, हे वरून कळत नाही.

ही खोली का महत्त्वाची, ते माशाच्या तोंडावरून कळतं. बाजारात कटला नीट बघा : तोंड वर वळलेलं, कारण तो वरच्या थरात खातो. मृगळाचं तोंड खाली झुकलेलं, कारण तो तळ चिवडतो. रोहू मधल्या थरातला, ओठांना झालर असलेला. शेततळ्यात हे तिन्ही मासे एकत्र सोडतात ते याचसाठी. एकाच पाण्यात तीन पंगती बसतात. तुमचा गळ ज्या पंगतीत लोंबेल, त्याच पंगतीतला पाहुणा येणार. म्हणून दर खेपेला आधी शिसं तळाला टेकवून खोली मापा, मग बूच सरकवा.

आता दोन लोकप्रिय समजुती. पहिली : बोललं की मासे पळतात. हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरून बहुतेक सगळा परततो. हजारात एखादाच हिस्सा आत शिरतो. तेव्हा शेजाऱ्याशी हळू गप्पा मारायला हरकत नाही. पण काठावर पाय आपटले, डबा दगडावर ठेवला, की तो हादरा जमिनीतून थेट पाण्यात जातो. रोहू-कटला आणि शिंगाळा यांच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते, त्यामुळे त्यांचे कान फार तिखट असतात. तोंड चालू ठेवा, पाय आवरा.

दुसरी : अमावास्या-पौर्णिमा. मालवणच्या खाडीत बसणाऱ्याला तिथी बघावीच लागते, कारण तिथे भरती-ओहोटी आहे. सांगलीत कृष्णेला भरती येते ती पंचांगातून नव्हे, पावसातून आणि धरणांतून.

राहिली टोपी. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९४८ साली एक गमतीचा प्रयोग प्रसिद्ध केला. भुकेल्या कबुतरांना ठराविक वेळाने आपोआप दाणे मिळत. कबुतर काय करतंय याचा दाण्यांशी काहीच संबंध नव्हता. तरी आठांतली सहा कबुतरं कसली ना कसली सवय धरून बसली. एक स्वतःभोवती गिरक्या घेई, एक कोपऱ्यात डोकं खुपसे. दाणे आले त्या क्षणी आपण जे करत होतो, त्यानेच दाणे आले, असा त्यांचा जणू ग्रह झाला होता. तुमची टोपी ही तुमची गिरकी. घाला खुशाल, थंडीत कान झाकतात. पण मासा न लागण्याचा दोष तिला देऊ नका.

स्किनर यांच्याच दुसऱ्या कामातून आणखी एक गोष्ट दिसली. बक्षीस दर वेळी मिळत असेल आणि ते अचानक थांबलं, तर प्राणी लवकर नाद सोडतो. बक्षीस अधूनमधून, केव्हाही मिळत असेल, तर मात्र फार चिकाटीने लागून राहतो. गळाचा नाद सुटत नाही तो यामुळे. दर रविवारी हमखास मासा मिळाला असता, तर दोन महिन्यांत तुम्हीच कंटाळून बाजारातून आणू लागला असतात. बेभरवसा ही या छंदाची खोट नाही, तो त्याचा गाभा आहे.

मग मन टिकवायचं कसं? तुमच्याच कारखान्यातली रीत वापरा. लेथवर सलग सात जॉब रिजेक्ट झाले तर तुम्ही काय करता? टूल, स्पीड, फीड आणि मटेरिअल एकदम बदलता का? तसं केलंत तर आठवा जॉब बरोबर निघूनही दोष कुठे होता ते कळणार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलता. नदीवरही तेच करा. पुढच्या रविवारी फक्त वेळ बदला. त्याच्या पुढे फक्त खोली. आणि या सगळ्याआधी टूल तपासा : गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर अलगद ओढा. नखावर ओरखडा उठला तर धार आहे, नुसतं घसरलं तर बोथट. बोथट गळाने टोचणी होते, पण मासा अडकत नाही, आणि आपण म्हणतो, नुसतं आमिष खाऊन गेला.

यातून एक फायदा होतो. मासा हे एकच यश मोजलं तर तीनांतले दोन रविवार नापास. पण 'आज खोली नेमकी सापडली', 'दुपारी चार टोचण्या, सकाळी एकही नाही' हेही मोजलं, तर रिकाम्या पिशवीतूनही काहीतरी घरी येतं. उत्साह संपतो तो मासे न मिळाल्याने कमी, आणि काहीच न कळल्याने जास्त. शिवाय एखादा रविवार नाहीच गेलात तर नदी रागावणार नाही. तीन तास कुढत बसण्यापेक्षा एक तास बसून हसत परतलेलं बरं.

हट्टाने मात्र काही करू नका. सांगली भागात कृष्णेत मगरी आहेत, आणि थंडीत त्या उन्हाला काठावर येतात. गळ अडकला तर दोरी तोडा, पाण्यात उतरू नका. पावसाळ्यात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी नदीची पातळी किती आहे ते ऐका. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. मेलेले मासे तरंगताना दिसले तर त्या दिवशी गळ टाकू नका, प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवा.

आपला हा नाद हलका समजू नका. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११२९च्या सुमारास 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्यात 'मत्स्यविनोद' नावाचा भागच आहे : माशांच्या जाती, त्यांना काय चारावं, गळ आणि दोरी कशी असावी. ज्याच्या एका शब्दावर सैन्य हलायचं, त्यालाही माशाला आधी चारावंच लागत होतं. हुकूम सोडून मासा गळाला लागत नाही.

शेवटी तुमच्या टिपणांबद्दल. सातही कोरड्या रविवारांचं तुम्ही पाण्याचा रंग, वारा, वेळ, आमिष असं सगळं तारखेनिशी लिहिलंय. दोन रोहूंच्या रविवारापुढे मात्र एकच ओळ आहे : 'दोन मिळाले, लवकर परतलो.' त्या दिवशी पाणी कसं होतं, गळ किती खोल होता, काहीच नाही. हातगुण गेलेल्या माणसाची वही अशी असत नाही. पुढच्या वेळी मासा लागला, तर तेवढीच बारीक नोंद त्या दिवसाचीही ठेवा. आणि येत्या रविवारी पहाटे उठवत नाही म्हणता, तर उठूच नका. जेवण लवकर आटपून अकराला निघा.