फुप्फुसाला रक्त बेताने द्यावे

परवा भरे गावातील एक गृहस्थ माझ्या दवाखान्यात आले. त्यांच्या मेहुण्यांचे नुकतेच फुप्फुस-प्रत्यारोपण झाले होते. "डॉक्टरसाहेब, ऑपरेशन चांगलं झालं म्हणतात, मग दुसऱ्याच दिवशी फुप्फुसात पाणी कसं झालं? काही चुकलं का?" असा त्यांचा प्रश्न.

मी उलट विचारले, "भेगाळलेल्या भातखाचरात पाटाचं पाणी एकदम सोडलं तर?" ते म्हणाले, "बांध फुटतो."

वाचकहो, फुप्फुसाचे काहीसे असेच आहे. दात्याच्या शरीरातून काढलेले फुप्फुस काही तास रक्तावाचून राहते. नव्या शरीरात रक्त परत सुरू झाले, की पेशींत प्राणवायूपासूनच दाहक घटक तयार होतात आणि पांढऱ्या पेशी खवळतात. त्यामुळे केशवाहिन्या झिरपू लागतात व वायुकोशांत पाणी उतरते. पहिले तीन दिवस हा धोका अधिक. सर्व काही नीट करूनही तो उद्भवू शकतो.

तो कमी कसा करतात? दात्याचे फुप्फुस काढतानाच कमी पोटॅशियमच्या थंड द्रावणाने धुतात आणि प्राणवायूने थोडे फुगवून बर्फाच्या पेटीत ठेवतात. असे ते साधारण सहा ते आठ तास टिकते. जोडणी झाल्यावर रक्तवाहिनीचा चिमटा एकदम न काढता सुमारे 10 मिनिटांत हळूहळू सैल करतात. त्यानंतर यंत्राने श्वास लहान देतात, प्राणवायू गरजेपुरताच ठेवतात आणि सलाइनही जपून देतात. कॅनडातील टोरांटोच्या डॉक्टरांनी शंकास्पद फुप्फुसे शरीराबाहेर पंपावर चालवून, तपासून मग बसवली. ते निष्कर्ष 2011 मध्ये प्रसिद्ध झाले.

या कामी आपलाही वाटा आहे. मेंदूमृत व्यक्तीची फुप्फुसे लवकर बिघडतात. अवयवदानाचा कायदा 1994 चा, महाराष्ट्रात तो फेब्रुवारी 1995 पासून लागू आहे. तरी ऐनवेळी घरात एकमत होत नाही. म्हणून आपली इच्छा घरच्यांना आजच सांगून ठेवावी.

मेहुण्यांचे श्वासाचे यंत्र पाचव्या दिवशी निघाले. "बांध टिकला," एवढेच ते गृहस्थ म्हणाले.